अमरवेलीचा माग

काकांना कुणी हाक मारली की ते आधी हाक मारणाऱ्याकडे बघायचे, मग त्याच्या मागे आणखी कोण उभं आहे ते बघायचे, आणि मग सावकाश ‘ओ’ द्यायचे. किराणा दुकानात सगळे तराजूच्या काट्याकडे बघतात, काका दुकानदाराच्या अंगठ्याकडे बघत. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. वाढदिवसाला कुणी भेट दिली तर आभार मानायच्या आधी ‘याचं काय काम असेल आपल्याकडे?’ असा चेहरा होई. गल्लीत त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत, आणि आपल्याला शंकासुर म्हणतात अशी त्यांना शंका होतीच.

काकांचा धंदा कुंपणं राखण्याचा. गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर बंगले होते, त्यांना मेंदीची हिरवी कुंपणं होती, आणि त्यातली बरीचशी काकांच्या हाताखालची. खांद्यावर शिडी, हातात मोठी कात्री, पाठीवर गोणपाट. कुंपण असं छाटायचे की वर भरलेला पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. या धंद्यात त्यांचा स्वभाव भलताच उपयोगी पडे. एक पान जरा मुरडलेलं दिसलं की काका ते उलटून बघत, आणि पानाखाली कीड असायचीच. घरात ज्या गोष्टीवरून काकू डोक्याला हात लावत, तिच्याच जोरावर घर चालत होतं. त्यामुळे काकूंनाही फार बोलायची सोय नव्हती.

काकांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे अमरवेल. पिवळ्या दोऱ्यासारखी वेल, पान नाही, मूळ नाही. बी रुजतं तेव्हा काय ते मातीशी थोडंसं नातं असतं. मग शेजारचं झुडूप हाताला लागलं की मुळाला कायमचा रामराम. त्या झुडपाच्या अंगात बारीक दात रोवायचे आणि आयता रस पीत वर चढायचं. “बांडगूळ परवडलं,” काका म्हणत, “ते निदान स्वतःची पानं हिरवी ठेवतं, थोडंफार घरात आणतं. ही बया काडीचं काम करत नाही. आणि तोडून टाकावी तर पडलेल्या तुकड्याची पुन्हा वेल होते.” नातेवाइकांची वर्गवारीही त्यांनी याच हिशेबाने लावली होती. काकूंचा धाकटा भाऊ बांडगूळ होता, कारण तो आठवड्यातून तीनदा जेवायला येई पण येताना भाजी आणी. स्वतःचे थोरले चुलते अमरवेल होते. ते वारले तरी काकांनी त्यांना त्या वर्गातून काढलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरी जावई राहायला आला.

लेक एकुलती एक. जावई एका छापखान्यात यंत्रावर होता. छापखाना बंद पडला, भाड्याची खोली सोडावी लागली, आणि दुसरं काम मिळेपर्यंत म्हणून दोघं दोन ट्रंका आणि एक शिवणयंत्र घेऊन आली. काकूंनी आनंदाने मागची खोली झाडून दिली. काकांनी ट्रंका उचलून आत ठेवल्या आणि उचलताना वजनाचा अंदाजही घेतला.

जावई होता शांत. विचारलं तर बोलायचा, नाही विचारलं तर पुसलेली भांडी फळीवर लावायचा. आता जो माणूस भांडतो, मागतो, रुसतो, त्याचं निदान कळतं तरी. हा काहीच मागत नव्हता. “कुठंतरी पाणी मुरतंय,” काका काकूंना म्हणाले.

“कुठं मुरतंय?”

“ते कळलं असतं तर मुरतंय कशाला म्हटलं असतं?”

“अहो, बिचाऱ्याचं काम गेलंय. तोंड वर करून बोलेल कसा तो?”

“काम गेलंय की सोडलंय?”

काकू उठून आत गेल्या. या प्रश्नानंतर त्या नेहमीच उठून जात.

काही आठवडे काका जावयाचं ताट बघत राहिले. दुसऱ्यांदा भात घेतला तर ‘आयत्या बिळावर नागोबा’ असं मनात म्हणायचे, आणि नाही घेतला तर ‘दाखवायला कमी जेवतोय’ असं म्हणायचे. बिचाऱ्याला भात घेण्याची बरोबर अशी रीतच शिल्लक नव्हती. शेवटी लेकीनंच तोडगा काढला. “बाबा, ह्यांना घेऊन जा की कामाला. शिडी धरतील, गोणपाट उचलतील.” काकांना ते पटलं. मदत होईल म्हणून नव्हे, तर माणूस डोळ्यांसमोर राहील म्हणून.

जावई कामाला बरा निघाला. छापखान्यात कागदाची कड सरळ धरायची सवय होती, ती इथं उपयोगी पडली. काका त्याला ‘जावईबापू’ म्हणायचे, त्यात मानापेक्षा मिरचीच जास्त असे. “जावईबापू, कात्री अशी नाही, आडवी धरा. जावईबापू, झोपलात का?” तो हसून कात्री आडवी धरायचा.

एके दिवशी काकांनी त्याला आपली खास विद्या दाखवली. कुंपणात कुठं खिंडार पडलं, म्हणजे झुडूप वाळलं किंवा कुत्रं आरपार गेलं, तर तिथं नवं रोप वाढायला वेळ लागतो. तोवर मालक रोज ते भोक बघणार आणि कुरकुरणार. म्हणून काका दुसरीकडून हिरव्या लांब फांद्या आणायचे, टोक ओल्या मातीत खुपसायचे आणि बाकीची फांदी जिवंत झुडपात अशी विणायचे की भोक दिसेनासं होई. याला ते ठिगळ म्हणत. काही फांद्या मूळ धरत, काही वाळत, पण तोवर आजूबाजूची मेंदी पसरून जागा भरून काढी. मालकांना ठिगळ कधीच कळलं नव्हतं, आणि काका ते कुणाला सांगतही नव्हते.

ठिगळाच्या फांद्या यायच्या त्या बंद बंगल्याच्या कुंपणातून. रस्त्याच्या वळणावर एक बंगला कित्येक वर्षं बंद होता. मालक दूर कुठंतरी राहायचे. कुंपणाची मेंदी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि तिच्या फांद्या रस्त्यावर झुकल्या होत्या. तिथून जाताना काका न थांबताच हात घालायचे, कचकच चारपाच फांद्या तोडायचे आणि गोणपाटात कोंबायचे.

“मालकांना विचारलंय का?” जावयानं विचारलं.

“रस्त्यावर आलेली फांदी रस्त्याची,” काका म्हणाले. “तुम्ही ते बघू नका. तुम्ही कुणी येतंय का तेवढं बघा.”

आणि स्वतः काकाही तेच बघायचे. फांद्या तोडताना त्यांची नजर कधी फांदीवर नसायची, ती रस्त्याच्या दोन्ही टोकांवर असायची. चोरी म्हणावी तर चोरी नाही, पण कुणी बघितलेलंही नको, अशातली गत.

हवा दमट झाली आणि डॉक्टरीणबाईंच्या कुंपणावर पहिली अमरवेल दिसली. डॉक्टरीणबाई म्हणजे काकांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या शब्दावर काकांना निम्मी टेकडी मिळाली होती. फाटकापासून जरा पुढे, मेंदीच्या मधोमध, ओंजळभर पिवळा गुंता. काकांनी शिडी टेकवली. त्यांनी वेलीसकट खालच्या फांद्या छाटल्या, एकेक तुकडा गोणपाटावर झेलला, आणि घरामागे नेऊन जाळला. पुढच्या आठवड्यात ती खालच्या अंगाच्या बंगल्यात निघाली. मग कोपऱ्यावरच्या. ज्या कुंपणांवर आयुष्यभर काकांनी पिवळं पान टिकू दिलं नव्हतं, त्यांच्यावर ही बया दोऱ्याच्या गुंड्यासारखी लोळत होती, आणि काकांच्या हाताखाली नसलेल्या शेजारच्या कुंपणांवर तिचा मागमूस नव्हता.

“फक्त आपलीच कुंपणं,” काका रात्रीच्या जेवणाच्या वेळी म्हणाले. “दुसऱ्या कुणाची नाही. याला काय म्हणायचं?”

“वेल आहे ती,” काकू म्हणाल्या, “तिला काय कळतंय कुंपण कुणाचं?”

“तिला नाही कळत. लावणाऱ्याला कळतं.”

जावयानं मान खाली घातली. काकांनी ते बघितलं. साधं बघणं नव्हे, ते बघून त्यांनी मनात घडी घालून ठेवलं.

त्या दिवसापासून काकांचा तपास सुरू झाला. रोगट कुंपणं ते पुन्हा पुन्हा बघू लागले आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. डॉक्टरीणबाईंच्या कुंपणावर वेल निघाली ती बरोबर ठिगळाच्या जागी. खालच्या बंगल्यात ठिगळाच्या जागी. कोपऱ्यावर तर दोन ठिगळं होती आणि दोन्हीकडे वेल होती. काका भर उन्हात कुंपणापाशी उभे राहिले.

आता शहाण्या माणसानं इथं काय विचार केला असता? वेल ठिगळातून येते आहे, मग ठिगळाची फांदी कुठून येते ते बघू, असा. पण काका नुसते शहाणे नव्हते, ते संशयी होते. त्यांनी विचार केला : ठिगळं कुठं आहेत हे जगात दोघांनाच ठाऊक. एक मी. मी तर लावणार नाही. मग उरला कोण? हातच्या कांकणाला आरसा कशाला! माझी खास विद्या शिकून घेतली आणि नेमकी तिथंच वेल सोडली, म्हणजे नाव माझं खराब व्हावं, गिऱ्हाइकं माझी तुटावीत, आणि मग ‘मी बघतो’ म्हणून हा पुढं व्हावा.

सगळं कसं चपखल बसत होतं. संशयाचं हेच वाईट, त्यात सगळंच बसतं.

पुरावे तर मागितल्यासारखे येऊ लागले. जावई दुपारी जेवून ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडायचा आणि उन्हं उतरताना यायचा, हात खरचटलेले. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणायचा, “असंच, कामाचं बघायला.” एका सकाळी काकांनी वाळत घातलेल्या कपड्यांमधून त्याचा शर्ट ओढला आणि खिसा उलटा केला. काकू पाण्याची बादली घेऊन मागच्या दारात आल्या तर हे दृश्य.

“काय करताय हो?”

“काही नाही.”

“जावयाच्या खिशात हात घालून काही नाही?”

काकांनी मूठ उघडली. तळहातावर धुण्यात चुरगळलेला, पण स्पष्ट ओळखू येणारा, अमरवेलीचा तुकडा. काकूंनी तो बघितला, आणि पहिल्यांदाच त्यांच्याही चेहऱ्यावरून एक ढग गेला. काकांना त्याचं समाधान झालं. लाज वाटायला हवी होती, पण ती तेव्हा वाटली नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी काकांना फाटकात थांबवलं. “काका, तुमचे जावई येऊन गेले. म्हणाले, वेल माझ्यामुळे पसरली, काकांची काही चूक नाही. चांगला मुलगा आहे हो. त्यांनी माझ्याकडून...”

पुढचं ऐकायला काका थांबलेच नाहीत. कबुली! स्वतःच्या तोंडानं! ते शिडी तिथंच टाकून घरी आले, ते तरातरा आतच गेले. लेक शिवणयंत्रावर बसली होती, जावई खिडकीचं मोडलेलं दार बसवत होता.

“जावईबापू, ठेवा तो हातोडा. माझ्या घराची खिडकी नीट करून माझा धंदा मोडणार असाल तर मला मोडकी खिडकी चालेल.”

“काय झालं बाबा?” लेक उठली.

“तुझ्या नवऱ्याला विचार. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची? डॉक्टरीणबाईंकडे जाऊन कबूल करून आलाय, वेल माझ्यामुळे पसरली म्हणून. खोटं आहे का हे, जावईबापू?”

“नाही,” जावई म्हणाला. “तसं म्हणालो मी.”

“बघा! ऐका! का म्हणालात?”

लेकीनं नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान हलवली, नको म्हणून. काकांनी तेही बघितलं. म्हणजे दोघांचं संगनमत!

“या घरात माझ्यावर पोसलेलं काही चालायचं नाही,” काका म्हणाले. “कुंपणावर नाही आणि घरातही नाही. रविवारपर्यंत दुसरी जागा बघा.”

“बाबा, ह्यांना जायला सांगताय म्हणजे मलाही सांगताय.”

“तू राहा. तुला कोण जा म्हणतंय?”

“असं होतं का कधी?” लेक म्हणाली, आणि पुन्हा यंत्रावर जाऊन बसली. पण यंत्र काही सुरू केलं नाही तिनं.

रविवार यायला मध्ये थोडे दिवस होते. त्या दिवसांत घरात सगळे चवड्यांवर चालल्यासारखे चालत होते. काकू बोलायच्या त्या फक्त भांड्यांशी, आणि भांडीही जोरातच बोलायची. काकांना रात्री झोप लागेना. आपलं बरोबर आहे हे त्यांना पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. लहानपणी ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसून त्यांच्या फांद्या गोळा करायची. ती गेली तर या घरात उरणार काय, दोन माणसं आणि एक कुलूप. पण मागं हटायचं कसं? पुरावा हातात असताना? मग त्यांनी ठरवलं, जाण्याआधी याला रंगेहाथ पकडायचा. लेकीला दाखवायचं, बघ, तुझा बाप उगीच बोलत नव्हता. मग ती आपणहून राहील.

शनिवारी दुपारी जावई बाहेर पडला आणि काका मागोमाग निघाले. टेकडीची वाट, वळण, बंद बंगला. जावई इकडेतिकडे न बघता सरळ फाटकापाशी गेला, खिशातून किल्ली काढली आणि आत शिरला. किल्ली! म्हणजे हा याचा अड्डा! ते जरा थांबले आणि उघड्या फाटकातून आत गेले.

आत गेले आणि जागीच थबकले.

इतकी वर्षं ते हे कुंपण बाहेरून बघत होते. बाहेरून ते हिरवंगार होतं. आतून ते पिवळं होतं. फाटकापासून पार वळणापर्यंत, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, अमरवेलीची नुसती गादी अंथरली होती. मूळ झुडपं तिच्याखाली गुदमरून गेली होती, कुठंकुठं तर पानच उरलं नव्हतं. बाहेरच्या, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या तेवढ्या उन्हाच्या ओढीनं हिरव्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या बुंध्यांशी पिवळे दोरे चढत आले होते. केसासारखे बारीक. रस्त्याकडे नजर ठेवून घाईघाईत तोडणाऱ्याला कधीच दिसले नसते असे.

जावई उघड्या अंगानं शिडीवर उभा होता. एका बाजूचं निम्मं कुंपण त्यानं बुंध्यापर्यंत छाटून काढलं होतं. खाली जुन्या चादरी अंथरल्या होत्या, तुकडा मातीत पडू नये म्हणून, आणि अंगणाच्या फरशीवर आधीच्या दिवसांची राख होती. एवढं काम एका माणसानं नुसत्या दुपारच्या वेळात केलं होतं.

काका एका रस्त्याकडच्या फांदीपाशी गेले, ती वाकवली, आणि बुंध्याकडची बाजू उलटून बघितली. नंतर दुसरी. नंतर तिसरी. डॉक्टरीणबाईंचं कुंपण, खालचा बंगला, कोपरा, सगळीकडे ही बया त्यांनी स्वतःच्या हातांनी, गोणपाटात घालून, विणून विणून बसवली होती. वर पुन्हा कौतुकानं दोन पावलं मागं होऊन बघितलंही होतं.

जावयाचं लक्ष गेलं. तो शिडीवरून खाली उतरला आणि घाईघाईनं शर्ट अंगात घालू लागला, सासऱ्यापुढं उघडं कसं राहायचं म्हणून.

“किल्ली?” काकांच्या तोंडून एवढंच निघालं.

“डॉक्टरीणबाईंकडे होती. बंगल्यावर लक्ष ठेवतात त्या. मी मागून घेतली.”

“खिशात वेल सापडली मला तुमच्या.”

“हो. कोपऱ्यावरच्या कुंपणातली होती. इथलीच आहे का ते ताडून बघायला घेतली होती.” तुमच्या हाती कशी लागली, असं त्यानं विचारलं नाही.

“तुम्हाला कळलं कधी?”

“तुम्ही जेवताना म्हणालात ना, फक्त आपलीच कुंपणं म्हणून. तेव्हाच वाटलं. मग इथं येऊन फटीतून बघितलं.”

“मग त्या बाईंना माझ्यामुळे झालं म्हणून का सांगितलंत?”

“त्या चिडल्या होत्या. माणूस बदलायचं म्हणत होत्या. नव्या माणसाची चूक म्हटली की लोक सोडून देतात, बाबा. तुमचं आयुष्य गेलंय या कामात. तुमची चूक म्हटली असती तर टेकडीवर बोभाटा झाला असता.”

काका फरशीवर बसले.

“अहो, पण मला तरी सांगायचं,” ते शेवटी म्हणाले. “मला एकट्याला. घरातल्या घरात.”

जावयानं कात्रीची पाती मिटली. “सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?”

एवढ्या वर्षांत काकांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, कारण विश्वासाचा विषय निघाला की प्रश्न तेच विचारत. त्यांनी मनात शोधून बघितलं. जावई येऊन म्हणतोय, वेल तुमच्या ठिगळातून आली. ते काय म्हणाले असते? ‘वा! म्हणजे आता चोर मी?’ असंच म्हणाले असते. त्याच दिवशी ट्रंका बाहेर काढल्या असत्या.

“नसता ठेवला,” काका म्हणाले.

मग दोघांनी मिळून उरलेलं कुंपण छाटायला घेतलं. काका खाली, जावई शिडीवर. संध्याकाळी काका तसेच मळक्या कपड्यांनी डॉक्टरीणबाईंच्या दारात गेले आणि ठिगळापासून बंद बंगल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं, रस्त्याच्या फांद्यांसकट. बाईंनी ऐकून घेतलं. “मी त्या दिवशी हेच सांगत होते, काका,” त्या म्हणाल्या, “किल्ली घेऊन गेलाय, साफ करतोय म्हणून. तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत.” काम त्यांनी काढून घेतलं नाही. काकांना मात्र काढून घेतलं असतं तर सोपं गेलं असतं.

घरी येताना वाटेत त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं होतं. पण मागच्या खोलीत गेले तर भिंती मोकळ्या होत्या, शिवणयंत्राला दोरी बांधलेली होती.

“पोरी, मी चुकलो,” काका दारातूनच म्हणाले. “तुम्ही कुठं जाऊ नका.”

लेक जवळ आली. तिचा राग गेला होता, आणि त्यामुळंच काकांना भीती वाटली. “बाबा, खोली ठरली आहे. ह्यांना छापखान्याचं कामही मिळतंय, पुढच्या महिन्यापासून. आम्ही रागावून नाही चाललो.”

“मग थांबा की.”

“वेलीचं कळलं म्हणून आज तुम्ही थांबा म्हणताय. उद्या दुसरं काहीतरी निघेल. ह्यांनी इथं किती दिवस पोटभर जेवण केलं नाहीये, ठाऊक आहे तुम्हाला? दुसऱ्यांदा वाढून घ्यायला घाबरतात. मी त्यांना लपवून वाढते. माझ्याच आईच्या घरी.”

काकू चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण लेकीला अडवलं नाही. काकांना वाटलं होतं काकू तरी मध्ये पडतील.

रविवारी सकाळी हातगाडी आली. काकांनी आदल्या रात्री ठरवलं होतं, सगळं सामान आपण स्वतः उचलायचं, शेवटपर्यंत, जावयाला हात लावू द्यायचा नाही. तेवढंच आपल्या हातात आहे. शिवणयंत्र त्यांनी उचललं. गादीची वळकटी उचलली. मग पहिल्या ट्रंकेला हात घालायला वाकले, तेवढ्यात जावई पुढं झाला. त्यानं ट्रंकेची कडी काढली, झाकण उघडलं, वरचे कपडे बाजूला सारले, म्हणजे तळ दिसावा, आणि मागं सरून उभा राहिला.

“बघून घ्या, बाबा,” तो म्हणाला. “दुसरीही उघडतो.”

तो टोमणा असता तर काकांनी तो खाऊन पचवला असता. पण जावयाच्या आवाजात टोमणा नव्हता. या घरातून बाहेर पडताना हे करायचं असतं, असं समजून तो साधेपणानं उभा होता, आणि दुसऱ्या ट्रंकेची कडी काढत होता.

काकांनी पुढं होऊन त्याचा हात धरला. धरला तो सोडवेना. शेवटी लेकीनंच झाकण लावलं, गाडीवाल्याला हाक मारली, आणि ट्रंका तिनं नि गाडीवाल्यानं धरून बाहेर नेल्या.